शेळीच्या सासरी सहा दिवस

नाताळच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या बाया महाबळेश्वरला जातात, नाहीतर माहेरी जाऊन झोपा काढतात. मी वाशीमला जाऊन आले. सुट्टीनंतर शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एका सुरात विचारलं, "तिथं काय आहे?" तिथं शेळ्या आहेत, असं मी उत्तर दिलं. त्यावर माझं डोकं ठिकाणावर आहे ना, एवढं पाहून घेऊन सगळ्या आपापल्या वह्या तपासायला लागल्या. म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांना ऐकायला वेळ नव्हता त्यांनी निदान वाचावं.

आधी एक कबुली देते. या हकिकतीत तारखा सापडणार नाहीत. रोजच्या रोज टिपणं करायची म्हणून मी नवीकोरी वही नेली होती. तिचं काय झालं ते पुढे येईलच. तेव्हा जे आहे ते आठवणीतलं आहे, आणि माझी आठवण चांगली आहे.

वाशीम

एस्तेर साळवेनं आणि मी पुण्यात एका वसतिगृहात, एका खोलीत दोन वर्षं काढली. पुढे मी मास्तरीण झाले आणि ती नर्स होऊन वाशीमच्या ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यात गेली. दर वर्षी तिचं पत्र यायचं, "यंदा तरी ये." यंदा नवऱ्यानं आणि सासूबाईंनी आमच्या लेकीला, उषाला, सांभाळायचं कबूल केलं आणि मी निघाले. अकोल्याहून वाशीमला जाणाऱ्या गाडीबद्दल काही लिहीत नाही. ती पोचते, एवढं पुरे आहे.

मिशनचं आवार म्हणजे चार चिंचेची झाडं, दवाखाना, मुलींची शाळा आणि एक लांबलचक पत्र्याची शेड. शेडमध्ये दहाबारा विधवा बायका हातमागावर सतरंज्या विणत होत्या. एस्तेरनं मला नाताळच्या उरलेल्या करंज्या दिल्या. त्या खाताना माझ्या लक्षात आलं की त्या हुबेहूब माझ्या आईच्या दिवाळीच्या करंज्यांसारख्या आहेत, फक्त सारण जरा सढळ हातानं भरलेलं. हे आईला सांगायचं नाही असं मी तिथल्या तिथं ठरवलं.

मिशनच्या मुख्य एक गोऱ्या बाई. सगळे त्यांना मिसबाई म्हणतात. केस पांढरे, उंची दाराला लागेल एवढी, आणि वऱ्हाडात तीस वर्षं काढलेली. मी वाकून नमस्कार करायच्या बेतात होते, तर त्याच म्हणाल्या, "ये वं बाई, बस. पुन्याच्या लोकायले आमचा चहा लय गोड लागते म्हनतात. तुले साखर कमी टाकू का?" मी इंग्रजीत बोलायची मनात जी तयारी करून गेले होते ती सगळी फुकट गेली.

पाहुण्यानं पहिल्याच दिवशी विचारू नये ते मी विचारलं. "तुम्ही हे सगळं करता ते लोकांनी ख्रिस्ती व्हावं म्हणून ना?" एस्तेरनं टेबलाखालून माझा पाय दाबला. मिसबाई हसल्या. "झाले तर मला आनंदच आहे, खोटं कशाला बोलू? पण शेळी देताना मी कोणाला देव विचारत नाही. पोट रिकामं आहे का, एवढंच विचारते." हे त्या आमच्यासारख्या स्वच्छ मराठीत बोलल्या. त्यांच्याकडे दोन भाषा आहेत, एक चहाची आणि एक कामाची.

मग त्यांनी शेळ्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या देशात कुठल्याशा गावी चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका लोकरीचे मोजे विणून विकतात आणि त्यातून इथं शेळ्या घेतल्या जातात. टंचाईच्या साली मिशननं धान्य वाटलं, पण धान्य खाऊन संपतं. शेळी दूध देते, पिल्लं देते. मात्र पहिल्या खेपेच्या निम्म्या शेळ्या बाजारात गेल्या आणि काही रश्श्यात. तेव्हा मिसबाईंनी नियम केला की शेळी फुकट मिळेल, पण तिला होणारी पहिली पाठ, म्हणजे मादी पिल्लू, वस्तीवरच्या पुढच्या गरीब घराला द्यायची. बोकड झाला तर तो ज्याचा त्याला. नियम लोकांना पटावा म्हणून शिरपूरच्या पुढच्या एका वस्तीवर लिंबाखाली उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, "पाठ देताना लेक दिल्यासारखी द्या."

"चांगलंच बोललात की," मी म्हटलं.

"तीच तर चूक झाली," मिसबाई म्हणाल्या. "त्यांनी खरोखरच लेक दिली."

शिरपूर

दुसऱ्या दिवशी पहाटे दमणीतून आम्ही निघालो. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. तिच्यात बसताना पाय कुठं ठेवायचे हे कळेपर्यंत निम्मा रस्ता संपतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि पांढरा कापूस. वेचणी चालू होती. बायकांच्या लुगड्यांना, बाभळीच्या काट्यांना, बैलांच्या शिंगांनासुद्धा कापूस चिकटलेला. एका शेतावर गाडीवान म्हाताऱ्यानं न विचारता गाडी थांबवली आणि आम्हाला हुरडा खाऊ घातला, वर जवसाची चटणी. शेत कोणाचं, असं मी विचारलं. "काय मालूम," म्हातारा म्हणाला. पुण्यात असं केलं तर शेजारीसुद्धा पोलीस बोलावतील.

शिरपूरला जुनं जैन मंदिर आहे. भुयारात उतरून पाहिलं. अंधारात समईच्या उजेडात तिथली काळी मूर्ती जमिनीला न टेकता आहे असं म्हणतात. मी वाकून पाहिलं, खात्री करून घ्यायचा माझा स्वभावच आहे. बाहेर यात्रेकरूंच्या बायका ओसरीवर डबे उघडून बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मला खाकरा दिला आणि हिंदीत विचारलं, मुलगा आहे का? मुलगी आहे, म्हटल्यावर तिनं आणखी एक खाकरा दिला, सांत्वनाचा.

इथून पुढच्या वाटेवर एस्तेरनं आम्ही का चाललो आहोत ते नीट सांगितलं. त्या वस्तीवर कौतिकाबाई नावाची म्हातारी आहे. मुलगा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला दूर गेलेला, सून बाळंतपणात गेली. मागे राहिली सात महिन्यांची नात. इतके दिवस ती म्हातारीच्या शेळीच्या दुधावर वाढली. तीन आठवड्यांपूर्वी लांडग्यानं ती शेळी नेली. वस्तीवरच्या बाकीच्या शेळ्या आटलेल्या, गाय कोणाकडेच नाही. म्हशीचं दूध पोरीला पचत नाही. मिशनकडे द्यायला दुभती शेळी नव्हती. डब्याचं दूध एस्तेरनं दिलं, तर त्यानं हगवण लागली. आता ज्वारीच्या पेजेवर आणि साखरपाण्यावर दिवस काढणं चाललं होतं.

"पण एक शेळी पोटाशी आहे," एस्तेर म्हणाली. "पार्वताबाईची. कौतिकामायच्याच शेळीची ती पहिली पाठ, नियमाप्रमाणे दिलेली. आज-उद्या विणार."

"मग झालं की काम."

"कौतिकामाय म्हणते, ती माझी लेक आहे. लेकीच्या घरचं अन्नपाणी नातू झाल्याशिवाय घेणार नाही."

मी मोठ्यानं हसले. एस्तेर हसली नाही. "तिला बोकडच झाला पाहिजे," ती म्हणाली. "पाठ झाली तर म्हातारी त्या दुधाला शिवायची नाही, आणि पोरगी आणखी पंधरा दिवस काढेलसं मला वाटत नाही."

वस्ती

पंधरावीस घरं. भिंती पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, वर शेणामातीचा गिलावा. चुलीत जळतात त्याही पऱ्हाट्याच. आमचा मुक्काम पार्वताबाईकडे, कारण ओसरी फक्त तिच्या घराला होती. पार्वताबाई तिशीची, हसरी, हाताला सतत काहीतरी काम. ओसरीच्या खांबाला तांबूस रंगाची, पोट दोन्हीकडे सुटलेली शेळी बांधलेली. तिच्या गळ्यात काळे मणी आणि कपाळावर हळदीचा डाग.

"हे आमची सून, गवरा," पार्वताबाईनं ओळख करून दिली. "दीड वर्ष झालं लगन होऊन."

लग्नाची हकीकत तिनं भाकरी थापता थापता सांगितली. कौतिकामायनं पाठीला हळद लावली, ओटी भरली, सगळ्या बायकांनी गाणी म्हटली. मिसबाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांना सोहळा इतका आवडला की त्यांनी स्वतःच्या टोपीची लाल फीत सोडून पाठीच्या गळ्यात बांधली. पाठवणीच्या वेळी कौतिकामाय खरोखर रडली, तेव्हा मिसबाईंचेही डोळे भरून आले. तेव्हापासून ही दोन घरं एकमेकांची सोयरी. वस्तीवर पुढे ज्या ज्या पाठी दिल्या गेल्या त्या सगळ्या अशाच वाजतगाजत. एकही बाजारात गेली नाही.

जेवण वांग्याचं भरीत, भाकर आणि असा ठेचा की पहिल्या घासाला मी माझ्या सगळ्या पूर्वजांना हाक मारली. पार्वताबाई शांतपणे म्हणाली, "पाव्हन्यासाठी मिरची कमीच टाकली, बाई."

दुपारी मी वही काढून दोन दिवसांची टिपणं पूर्ण केली आणि हात धुवायला मागे गेले. परत येते तो गवराबाई वहीचं शेवटचं पान चघळत होत्या. पुठ्ठा तेवढा राहिला होता. मी ओरडले तशी पार्वताबाई धावत आली, पण तिला दुसरीच काळजी.

"अवं बाई, कागदानं हिच्या पोटाले काई होईन का? शाई विखारी असते का वं?"

पुढचा तासभर एस्तेर, पार्वताबाई आणि मी शेळीच्या पोटाला कान लावून बसलो. गवरा मात्र माझ्या पिशवीकडे पाहत होती.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मी कौतिकामायकडे गेले, एकटीच. एस्तेर नको म्हणत होती. पण माझं म्हणणं असं की पाचवीच्या पोरींना मी व्याकरण पटवून देते, तर एका म्हातारीला शेळी म्हणजे शेळीच असते हे पटवायला किती वेळ लागणार?

ती अंगणात बसून कापसातला कचरा निवडत होती. पाठ ताठ, दात बरेच गेलेले, डोळे मात्र चलाख. मांडीवर नात. सात महिन्यांची असं सांगितलं होतं म्हणून, नाहीतर मी तिला तीन महिन्यांची म्हटलं असतं. रडतसुद्धा नव्हती. रडणारं मूल मला चालतं. न रडणाऱ्या मुलाची भीती वाटते.

"इतक्या दुरून बकरी पाहाले आली म्हने तू," कौतिकामाय म्हणाली. "पुन्यात बकऱ्या नाई का?"

पुण्यात कोणी मला पहिल्या भेटीत अगं-तुगं केलं तर मी दुसऱ्या भेटीला जात नाही. इथं दोन मिनिटांत मला ते बरं वाटायला लागलं होतं. मी बसले आणि विषयाला हात घातला. म्हटलं, "मावशी, मिसबाईंनीच निरोप दिलाय. ती नुसती बोलण्याची रीत होती. त्या म्हणाल्या, चूक माझी, तुम्ही त्या शब्दातून मोकळ्या आहात."

"त्या मोकळं करतीन, पन देल्ली लेक परत शेरडी होते का?"

"अहो, पण ती शेळीच आहे ना!"

तिनं कापूस खाली ठेवला. "हे पाह्य बाई. पहिल्या साली त्या टोकाच्या घरच्यानं देल्ली पाठ बाजारात न्याले काढली व्हती. दोरी त्याच्या हातात, अन् मी वाटंत आडवी. म्हनलं, काहून रे, लेकीले बाजारात इकतेत का? साऱ्या वस्तीसमोर म्हनलं. त्याची मान खाली गेली. तवापासून कोनी पाठ इकली नाई. आज माह्या घरी नड आली म्हनून मी म्हनलं का बकरी ते बकरीच, तं उद्या सारेच म्हनतीन. मंग पुढच्या घरी पाठ कोन देईन?"

तरी मी हट्टानं म्हटलं, "मग बाळाला तरी दवाखान्यात पाठवा, एस्तेर घेऊन जाईल."

"सून बी गाडीतच घातली व्हती. वाटंतच गेली ते." एवढं बोलून तिनं नातीच्या टाळूवरून हात फिरवला. "नात नाई धाडत."

मीही तिच्याबरोबर कापूस निवडायला बसले. मग तिनं विचारलं, "तुले लेकरं किती?"

"एक. मुलगी, नऊ वर्षांची."

"माय हाये?"

"आहे. साताऱ्याला असते."

"तुह्या घरी जेवते?"

मी कापसातलं एक पान उगाच बारीक बारीक करत राहिले. माझी आई वर्षातून दोनदा माझ्याकडे येते. येताना दुधात मळलेल्या दशम्या आणते, आणि स्वतःच्या घरच्या पाण्यानं भरलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या. दोन दिवस राहायचं असलं तर पाणी माझ्या शेजारणीकडून मागवते. शेजारीण काही तिची लेक नाही. "नातू होऊ दे," ती म्हणते, "मग चांगली पंगत घे." उषाच्या वेळी मला फार त्रास झाला. त्यानंतर दुसरं मूल होणार नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे. हे आईला ठाऊक आहे, तरी ती दर वेळी तेच म्हणते आणि मी दर वेळी हसते.

हे सगळं मी कौतिकामायला सांगितलं. पुण्यात कोणाला सांगितलं नव्हतं.

"मंग तुले सारं समजते," ती म्हणाली, "उगाच भांडून राह्यली."

तिसरा दिवस

सकाळी गवरानं चारा तोंडात घेतला नाही. ओसरीच्या कोपऱ्यात खुरानं जमीन उकरायला लागली. तासाभरात बातमी सगळ्या वस्तीत गेली. वेचणीला जाणाऱ्या निम्म्या बायका वाटेतून परतल्या आणि अंगणात येऊन बसल्या. एरवी जगात कुठंही शेळी विताना माणसं पाठ मागतात, कारण पाठीत पुढची शेळी असते. इथं एकजात सगळ्या बोकड मागत होत्या. एकीनं मरीमायला नारळ बोलला.

एस्तेर बाह्या वर करून शेळीजवळ बसली होती. तिचे ओठ हलताना पाहून मी हळूच विचारलं, "काय मागतेस?"

"बोकड."

"येशूकडे?"

"मग कोणाकडे मागू?" ती चिडून म्हणाली.

दुपारपर्यंत काही हलेना. एक पाय बाहेर आलेला आणि दुसरा आत दुमडलेला. एस्तेरनं हाताला तेल लावलं, आत घातला, डोळे मिटून चाचपत राहिली. शेळी अशी ओरडत होती की मला उषाच्या वेळची खोली आठवली. कौतिकामाय अंगणाच्या कडेला, कुंपणाबाहेर उभी होती. लेकीच्या घराच्या कुंपणाशी येणं तिला चालत होतं, आत बसणं नाही. तिच्या खांद्यावर ती न रडणारी पोर.

शेवटी एस्तेरनं एकदा जोरात श्वास सोडला आणि पिल्लू बाहेर आलं. ओलं, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. पार्वताबाईनं त्याचं तोंड पुसलं, शेपटी उचलून पाहिलं आणि मान खाली घातली.

"पाठ हाये," ती म्हणाली.

"दुसरं असेल," मी म्हटलं, "शेळ्यांना जुळी होतात." आम्ही वाट पाहिली. मी तर शेळीला मनातल्या मनात विनवण्या करत होते. शेवटी वार पडली आणि सगळं संपलं. पाठीमागे पाहिलं तर कुंपणाजवळ कौतिकामाय नव्हती. ती आपल्या घराकडे चालत गेली होती.

माझा संताप संताप झाला. मी एस्तेरला म्हटलं, "मी जाते आणि ती पोरगी उचलून आणते. म्हातारीला काय करायचं ते करू दे." एस्तेरनं माझा हात धरला. तिचा हात अजून तेलकट होता.

तेवढ्यात बायकांच्यात कुजबुज झाली. कौतिकामाय परत येत होती. अंगावरचं मळकं लुगडं बदललेलं, हिरवं नेसलेली. काखेत नात, हातात सूप. सुपात मूठभर ज्वारी, खोबऱ्याची वाटी, हळदकुंकू. ती कुंपणाच्या आत आली. सरळ ओसरीवर चढली. पार्वताबाई हडबडून उठली.

"बस वं इनबाई," कौतिकामाय विहिणीला म्हणाली. तिनं गवराच्या कपाळाला हळद लावली, तिच्यापुढं ज्वारी ठेवली. मग त्या ओल्या पाठीला कुंकवाचं बोट लावलं आणि बायकांकडे तोंड करून उभी राहिली.

"सारे बोकड मागत व्हते. मी बी मागत व्हतो. घरी जाऊन बसलो तं हे माह्या मांडीवर." तिनं काखेतल्या पोरीला जरा वर उचललं. "हे कोन हाये? नातच हाये ना? हिच्यासाठी मी तीन हप्ते झाले देवाले हात जोडून राह्यलो, का हे जगू दे. अन् लेकीच्या घरी नात झाली तं मी तोंड फिरवू? त्या पाठीले हलकी म्हनलं तं हिले कोन्या तोंडानं भारी म्हनू?"

एका म्हातारीनं मागून विचारलं, "पन रीत?"

"रीत मोडून नाई राह्यलो. लेक बाळंत झाली, नातवंड झालं, मी घरात आलो. आजपासून नात बी त्याच्यात." मग ती पार्वताबाईकडे वळली. "इनबाई, पानी दे. तहान लागली."

पार्वताबाईनं तांब्या भरून दिला. कौतिकामायनं तो सगळ्या वस्तीदेखत, सावकाश, एका दमात रिकामा केला. मग शिळी भाकर मागून तिचा एक तुकडा खाल्ला. पार्वताबाई डोळ्याला पदर लावून रडत होती आणि हसत होती. मी नुसतीच रडत होते, हसायचं राहूनच गेलं.

सहावा दिवस

पहिले तीन दिवस चीक पाठीचा, असं एस्तेरनं बजावलं होतं. ते तीन दिवस मी जसे काढले तसे परीक्षेच्या निकालाचेही काढले नव्हते. पोर पेजेवरच होती. कौतिकामाय मात्र रोज सकाळी येऊन ओसरीवर बसायची, पार्वताबाईच्या हातचं बेसन-भाकर खायची आणि त्यात खोडी काढायची. इतक्या दिवसांचं राहिलेलं ती वसूल करत होती.

सहाव्या दिवशी सकाळी पार्वताबाईनं गवराची धार काढली. एस्तेरनं दूध उकळून, पाणी घालून कोमट केलं. कौतिकामायनं तिच्या निवडलेल्या कापसातला सगळ्यात पांढरा कापूस घेऊन त्याचा बोळा केला, तोही उकळत्या पाण्यातून काढला आणि दुधात बुडवून पोरीच्या ओठांना लावला. पहिल्यांदा ती चोखेना. मग चोखलं. मग बोळा सोडेना. वाटी संपली तेव्हा आम्ही सगळ्या तिच्याकडे पाहत बसलो, आता ओकते का म्हणून. एक तास गेला. ओकली नाही. उलट वाटी काढून घेतली म्हणून तिनं तोंड उघडलं आणि जे भोकाड पसरलं ते शिरपूरला ऐकू गेलं असेल.

"आता कशी रडून राह्यली माही बाई," कौतिकामाय म्हणाली आणि आयुष्यात एवढं सुंदर गाणं ऐकलं नाही अशा चेहऱ्यानं ऐकत बसली.

त्याच दुपारी मी निघाले. निघताना तिनं माझ्या ओटीत ज्वारी घातली आणि म्हणाली, "मायले सांगजो." काय सांगायचं ते तिनं सांगितलं नाही.

घरी

घरी येताना वाशीमला थांबून मिसबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी या लोकांना शिकवायला म्हणून राहिले." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. लगेच त्या नव्या पाठीच्या लग्नाला कुठली फीत द्यायची ते शोधायला उठल्या. नियमाप्रमाणे ती मोठी झाली की पुढच्या घरी जाणारच आहे.

संक्रांतीला आई आली. दशम्यांचा डबा आणि फिरकीचा तांब्या बरोबर होता. नेहमीसारखी ती बैठकीत भिंतीला टेकून बसली. त्याच सकाळी एस्तेरचं पत्र आलं होतं. पोरगी आता दिवसाला तीन वाट्या पिते, तिला खालचा एक दात आलाय आणि ती म्हातारीला चावते. मी आईला पत्र वाचून दाखवलं, आणि मग पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. वही, लांडगा, हिरवं लुगडं, पाण्याचा तांब्या, काही सोडलं नाही. फक्त मिशनच्या करंज्या तेवढ्या गाळल्या.

आई ऐकत होती. गोष्ट संपली तरी ती तिळगुळाच्या ताटाकडे पाहत होती. उषा दारात उभी राहून तीही ऐकत होती.

"त्या शेळीला आता कितीसं दूध आहे?" आईनं विचारलं.

"पोरीला पुरून उरतं असं लिहिलंय."

आईनं मान डोलावली. आपला फिरकीचा तांब्या जवळ ओढला, फिरकी उघडून आत पाहिलं. तांब्या काठोकाठ भरलेला होता, ते मला बसल्या जागेवरून दिसत होता. तिनं फिरकी पुन्हा घट्ट लावली आणि तांब्या भिंतीशी सरकवून ठेवला.

"उषे," ती म्हणाली, "पाणी आण गं. तहान लागली."

उषानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं हो म्हटलं. तिनं स्वयंपाकघरातून पितळेचं फुलपात्र भरून आणलं आणि दोन्ही हातांनी आजीला दिलं. आई सगळं पाणी प्यायली. रिकामं फुलपात्र उषाच्या हातात देऊन तिनं तोंड पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी घागर घासायला झाली आहे."